आरजीएच केलेला एक्सबॉक्स ३६० घ्यायचाय, स्लिम बघू, ई बघू, का सरळ पीएस३?

मिरजकर_प्लेअर१

मंडळी नमस्कार. घरात दोन पोरं आहेत, एक माझं एक भावाचं, दिवसभर मोबाईलमध्ये तोंड घालून बसतात, म्हटलं टीव्हीला जोडायला एखादा जुना कन्सोल घ्यावा म्हणजे निदान दोघं शेजारी बसून भांडतील तरी. नवीन पीएस५ च्या नादाला लागायचं नाही हे घरातून स्पष्ट सांगण्यात आलंय आणि एकेका गेमला चार-पाच हजार घालायची माझी पण तयारी नाही. मला स्वतःला खरं तर ते लाईव्ह आर्केडचे छोटे डाउनलोडवाले गेम्स खेळायचेत, कॅसल क्रॅशर्स, लिंबो वगैरे, कॉलेजला असताना मित्राच्या रूमवर चौघं मिळून खेळायचो ते. आता ३६० चं स्टोअरच बंद झालंय म्हणे, मग मॉड केलेलाच (कंपनीचं लॉक तोडलेला) घ्यावा लागणार असं दिसतंय.

सोल्डरिंग वगैरे आपल्याला जमत नाही, म्हणून आधीच करून ठेवलेला पाहिजे. सध्या तीन ऑफर आहेत. एक ३६० स्लिम, आरजीएच (म्हणजे आत वायरी जोडून केलेलं मॉड), ५०० जीबी, "८० गेम भरून", दोन कंट्रोलर, साडेनऊ हजार. दुसरा ३६० ई, ४ जीबीवाला, विकणारा म्हणतो सॉफ्टमॉड (न उघडता नुसत्या सॉफ्टवेअरनं केलेलं) आहे, सात हजार. तिसरा पीएस३ सुपर स्लिम, हेन (पीएस३ चं सॉफ्टवेअरवालं मॉड) टाकलेला, अकरा हजार. तिन्ही पुण्यात आहेत, एकदाच जाऊन बघून आणायचं म्हणतोय, सारखं सारखं जाणं होत नाही. तर कुठला घेऊ आणि तिथं उभं राहून काय काय तपासू ते सांगा की. लई टेक्निकल बोललात तर समजणार नाही, जरा सोपं करून सांगा.

---

सोल्डर_अण्णा

मिरजकर, गेम किती भरलेत ते आधी डोक्यातून काढून टाका. ८० गेम भरायला दुकानदाराला एक रात्र लागते, त्याचे पैसे कशाला देताय. बघायचा तो आतला बोर्ड, आणि आरजीएच कसं केलंय ते.

३६० चे बोर्ड बाहेरून ओळखता येतात. मागच्या बाजूला स्टिकर असतो त्यावर १२ व्होल्टच्या पुढे अँपिअर लिहिलेले असतात ते वाचायचे. १६.५ अँपिअर असेल तर झेनॉन किंवा झेफिर, म्हणजे जुना फॅट, रेड रिंगवाला (बिघडला की समोर लाल दिवे लागतात तो), फुकट दिला तरी घेऊ नका. १४.२ म्हणजे फाल्कन (किंवा ओपस, त्याला एचडीएमआयच नसतं). १२.१ म्हणजे जॅस्पर, फॅटमधला तेवढा एकच मी कुणाला घ्या म्हणून सांगेन. १०.८३ म्हणजे स्लिममधला ट्रिनिटी, आणि ९.६ म्हणजे कोरोना (रोगाच्या कितीतरी आधीचं नाव आहे, २०११ चा बोर्ड आहे तो). ट्रिनिटी किंवा कोरोना, दोन्ही चालतील. सुरुवातीच्या काही कोरोनांवर पण १०.८३ च छापलेलं असतं, त्यामुळं बनवल्याची तारीख पण बघा, २०११ च्या ऑगस्टच्या नंतरची असेल तर कोरोना धरून चाला.

ई मॉडेलची भानगड वेगळी आहे. सुरुवातीच्या ई मध्ये कोरोना बोर्ड येतो आणि नंतरच्यांत विंचेस्टर, आणि विंचेस्टरवर आरजीएच होत नाही. तुम्हाला "सॉफ्टमॉड" सांगितलंय म्हणजे बहुतेक मार्च २०२५ ला जे बॅड अपडेट आलं ते असणार. ते चांगलंच आहे, काही उघडावं लागत नाही, सगळ्या मॉडेलवर चालतं, पहिल्यांदा त्याला ठराविक गेम लागायचा आता नुसत्या पेनड्राईव्हवर पण होतं, पण ते मशीन बंद केलं की गेलं. परत चालू केलं की परत करायचं, कधी पटकन लागतं कधी लागतच नाही. पोरांना शाळेतून आल्यावर खेळायचंय, ती काय रोज पेनड्राईव्ह लावून वाट बघत बसणार नाहीत, तुम्हालाच हाका मारतील. आणि मुख्य म्हणजे ते घरी फुकटात करता येतं, त्यासाठी विकणाऱ्याला जास्तीचे पैसे द्यायचं काही कारण नाही. साधा ई म्हणून भाव करा.

आता आरजीएच. ही ट्रिक २०११ पासूनची आहे, प्रोसेसरला नेमक्या क्षणी एक बारीक झटका देऊन गडबडवायचं म्हणजे तो सही न तपासता पुढं जातो. झटका कधी पहिल्याच फटक्यात बसतो कधी चौथ्या-पाचव्या, म्हणून चालू व्हायला कमीजास्त वेळ लागतो. चांगलं काम असेल तर काही सेकंदांत लोगो येतो. पूर्वी यासाठी चिप टाकायचे, आता आरजीएच ३ मध्ये चिपच लागत नाही, दोन-तीन वायरींवर काम होतं. दोन्ही चालतं, काम नीट केलेलं असलं म्हणजे झालं. पण विकणारे मशीन आधीच चालू करून ठेवतात, गरम मशीन लगेच बूट होतं. तुम्ही गेल्यावर ते बंद करायला सांगा, वायर भिंतीतून काढा, चहा पिऊन या, मग थंड मशीन स्वतःच्या हातानं चालू करा. असं निदान तीन-चार वेळा. एखाद्या वेळी अर्धं मिनिट लागलं तर हरकत नाही, पण दर वेळी नुसताच पंखा फिरतोय आणि टीव्ही काळाच, असं असेल तर नमस्कार करून निघा.

---

नागपुरी_संत्रा_००७

अरे भाऊ पीएस३ ला का बरं साइडला टाकून राहिले सगळे? मी वापरून राहिलो ना, मस्त आहे. कंट्रोलरला सेल लागत नाहीत, ३६० ला तर दर वेळी दोन पेन्सिल सेल टाका, पोरं टीव्हीचा रिमोट रिकामा करतील तुमचा. पीएस३ मध्ये वायफाय आतच आहे, ब्लू-रे चालते, आणि हार्डडिस्क म्हणाल तर लॅपटॉपची साधी अडीच इंची साटा घ्या, झाकण उघडा, टाका, झालं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्याचं स्टोअर अजून चालू आहे! सोनीनं २०२१ मध्ये बंद करतो म्हटलं होतं, लोकांनी बोंबाबोंब केली तर एप्रिलमध्ये निर्णय मागे घेतला. म्हणजे डाउनलोडचे गेम्स विकत घेऊन पण खेळता येतात. फक्त पीएस३ वरून थेट कार्डानं पैसे भरता येत नाहीत आता, कॉम्प्युटरवरून वॉलेटमध्ये टाकून मग घ्यावे लागतात.

एक आहे मात्र, सुपर स्लिम नका घेऊ. ४००० नंबरची आहे ती, आणि ३००० वाली पण, त्यांच्यावर फक्त हेन चालते, पक्कं कस्टम फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअरच बदलून टाकलेलं) नाही बसत. हेन म्हणजे मशीन चालू केली की दर वेळी एक आयकॉन दाबा. त्यात काही कष्ट नाहीत पण कधी कधी हँग होते बे. पक्कं पाहिजे तर २००० किंवा २१०० नंबरची स्लिम पाहा, २५०० मधल्या पण काही चालतात, ज्यांचं मुळातलं फर्मवेअर ३.५६ किंवा त्याच्या खालचं आहे त्या. विकणाऱ्याला विचारा, त्याला नंबर माहीत नसेल तर समजून घ्या त्यानं स्वतः काही केलेलं नाही.

---

सोल्डर_अण्णा

संत्रा साहेब, हार्डडिस्कचा मुद्दा मान्य, पण मिरजकरांना पाहिजेत लाईव्ह आर्केडचे छोटे गेम्स, आणि त्यांचं खरं घर ३६० च आहे. पीएस३ चे मोठे गेम्स पंचवीस-तीस जीबीचे, इन्स्टॉल करताना पोरांची संध्याकाळ जाते. आर्केडचे गेम्स सुरुवातीला तर ५० एमबीच्या आत बसवायची सक्तीच होती, नंतर वाढवत वाढवत दोन जीबीपर्यंत नेली. साध्या ३२० जीबी डिस्कवर शेकड्यानं मावतात.

---

जर्सीतला_ठाणेकर

एक गोष्ट कुणीच सांगितली नाही म्हणून लिहितो. भारतात विकायला येणारे बरेच ३६० इकडून अमेरिकेतून आलेले असतात, कुणीतरी परत येताना बॅगेत टाकून आणतो आणि मग ते फिरत फिरत दुकानात जातात. इकडच्या पॉवर ब्रिकवर (अडॅप्टरचा ठोकळा) १०० ते १२७ व्होल्ट लिहिलेलं असतं. तो तिकडच्या प्लगला नुसती पिन बदलून लावला की संपलं. माझ्या मावसभावाला मी इकडून पाठवला होता तेव्हा तिकडंच २२० चा ब्रिक घ्यायला लावला होता. म्हणून कन्सोलच्या स्टिकरसोबत ब्रिकचा स्टिकर पण वाचा. २२०-२४० असेल तर ठीक. "कन्व्हर्टर लावलाय साहेब" असं म्हणाला तर तो छोटा कन्व्हर्टर किती वॉटचा आहे ते बघा, स्लिमचा ब्रिकच १३५ वॉटचा असतो, मोबाईल चार्जरसाठीचा कन्व्हर्टर त्याला पुरत नाही. स्लिमचा ब्रिक ई ला बसत नाही आणि उलट पण नाही, पिनच वेगळी आहे.

---

नियमात_बसतं_का

सगळं ठीक आहे, पण "८० गेम भरून" हा प्रकार सरळ पायरसी आहे हे कुणीतरी म्हणायला हवं, तर मी म्हणतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं ६५ए कलम आलं, हक्क डावलण्याच्या हेतूनं असलं लॉक तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे त्यात. हेतू हा शब्द तिथं महत्त्वाचा आहे. स्वतःकडच्या डिस्क हार्डडिस्कवर घेऊन खेळणं, होमब्रू (हौशी लोकांनी बनवलेले प्रोग्राम) चालवणं आणि दुकानदारानं डिस्क भरून विकणं यात फरक आहे, आणि दुकानदाराची बाजू तर कुठल्याच अर्थानं सावरता येणार नाही.

तुमची अडचण पण समजतो. २९ जुलै २०२४ ला मायक्रोसॉफ्टनं ३६० चं स्टोअर बंद केलं. आधी घेतलेलं असेल तर परत डाउनलोड होतं, नवीन काही विकत मिळत नाही. त्यातले काही गेम्स नव्या एक्सबॉक्सवर विकत मिळतात आणि चालतात (तुम्ही नाव घेतलंत तो लिंबो मोबाईलवर पण मिळतो, फार महाग नसतो). पण जे लायसन्स संपल्यामुळं त्याच्याही आधी काढून टाकले, आउटरन ऑनलाइन आर्केडसारखे, फेरारीचं लायसन्स संपलं आणि गेम गेला, ते पैसे हातात घेऊन उभं राहिलं तरी कुणी विकत नाही. त्यासाठी लोक असले कन्सोल ठेवतात ते मला पटतं. बाकी जे आजही सरळ विकत मिळतं ते तरी विकत घ्या.

---

कल्याण_स्लो_लोकल

वरचे साहेब बरोबर बोलतायत, आणि भरलेल्या गेम्सचा पोरांच्या दृष्टीनं पण त्रासच जास्त. आमच्याकडं मुलीसाठी घेतला होता, त्यातली यादी बघितली तर निम्म्यात रक्तपात आणि शिव्या, बाकीच्यांत फुटबॉलच्या एकाच गेमच्या सलग पाच वर्षांच्या आवृत्त्या. आणल्या दिवशी बसून सगळं उडवलं आणि मोजकंच ठेवलं. तुम्ही पण तेच करा, पोरं बघायच्या आत.

हार्डडिस्कबद्दल थोडं. दुकानदार बऱ्याचदा आत काहीच न टाकता बाहेरून यूएसबीला जुनी लॅपटॉपची डिस्क लावून देतात, साधं केसिंग असतं, पोरगं वायरीला पाय लावतं आणि गेम मध्येच बंद. आत बसवलेली मागा. मॉड न केलेल्या ३६० ला मायक्रोसॉफ्टच्या मार्कवालीच डिस्क लागते पण आरजीएचला साधी अडीच इंची पण चालते, प्लास्टिकची एक चौकट मिळते तिच्यात बसते. बाहेरची लावायचीच तर फॅट३२ करावी लागते, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाईल मावत नाही, म्हणून आयएसओ (अख्ख्या डिस्कची एक फाईल) तशीच टाकली की चालत नाही, ती फोडून किंवा गेम्स ऑन डिमांडच्या फॉरमॅटमध्ये करून टाकतात. तुम्हाला आर्केडचेच खेळायचेत तर याच्याशी फारसा संबंध येणार नाही.

कायनेक्ट (कंट्रोलरशिवाय हातपाय हलवून खेळायचा कॅमेरा) मिळत असेल तर घ्या, लहान पोरं त्याच्यापुढं घाम गाळतात, आजीपण गाळते. स्लिम आणि ई ला सरळ लागतो, फॅटला वेगळा अडॅप्टर लागतो. मात्र समोर सहा-सात फूट मोकळी जागा पाहिजे. आमच्याकडं सोफा सरकवावा लागतो आणि मग तो सोफा रात्रीपर्यंत तिथंच.

---

मिरजकर_प्लेअर१

बापरे, एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं, आभार. स्लिमवाल्याला फोन केला, स्टिकरचा फोटो मागितला, आधी "कशाला पाहिजे" म्हणाला मग पाठवला. १०.८३ आहे, तारीख २०१० ची. ब्रिक २२०-२४० चा आहे. हार्डडिस्क आत आहे की बाहेर विचारलं तर म्हणतो आत. आरजीएच कुणी केलं विचारलं तर म्हणतो "आमचा माणूस आहे". ई वाल्याला बोर्ड विचारला तर त्यानं मला ब्लॉक केलं 😄

आता दोन प्रश्न. त्या माणसाला अजून काय विचारू, आणि घरी वायफायला जोडला तर काही होतं का? पोरं ऑनलाइन खेळायचं म्हणणार.

---

सोल्डर_अण्णा

२०१० चा १०.८३ म्हणजे ट्रिनिटी. आरजीएच करणाऱ्यांचा आवडता बोर्ड आहे, नीट केलेला असेल तर चांगला चालतो. ई वाल्यानं तुमचे सात हजार वाचवले.

तिथं गेल्यावर एक करा. मशीन बंद असताना पॉवरच्या बटणाऐवजी ट्रे उघडायचं इजेक्टचं बटण दाबून चालू करा. आरजीएच खरं असेल तर निळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत पानभर मजकूर धावतो, त्याला झेल म्हणतात. त्यात सीपीयू की (त्या मशीनची स्वतःची गुप्त चावी) अशी एक ओळ येते, ३२ अक्षरं-आकडे. मोबाईलवर फोटो काढा, अक्षरं वाचता येतील असा, आणि तो फोटो स्वतःलाच मेल करून ठेवा. दुसरं म्हणजे त्या माणसाकडून नँडचा (आतल्या मेमरी चिपचा) बॅकअप मागा, पेनड्राईव्हवर मावणारी छोटी फाईल आहे, मॉड करताना त्यानं काढलेलीच असते, काढल्याशिवाय हे काम होतच नाही. उद्या काही कारणानं मशीन बूट झालं नाही तर की आणि बॅकअप असेल तर माझ्यासारखा कुणीही पुन्हा उभं करून देतो. नसेल तर काम वाढतं आणि पैसे पण. दुकानदार देतो म्हणून टाळाटाळ करायला लागला तर भाव पाचशे-हजारानं पाडा, बऱ्याचदा तेवढ्यानंच फाईल सापडते.

ट्रे उघडतो का, डिस्क वाचतो का ते बघा, पण त्यावर सौदा मोडू नका. एवढ्या जुन्या मशीनला ट्रेचा रबरी पट्टा सैल झालेला असतोच, तो बदलून मिळतो. त्यापेक्षा एखादा जड गेम वीस मिनिटं चालू ठेवा आणि मागच्या जाळीवर हात ठेवून बघा, गरम हवा जोरात बाहेर आली पाहिजे. हवा येत नाही आणि पंखा केकाटतोय म्हणजे आत धूळ आणि वाळलेली पेस्ट. ते साफ करून द्या म्हणावं, मग घेतो.

वायफायचं म्हणाल तर जोडा, पण लाईव्हवर (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन सेवा) साइन इन करू नका, करूच नका. मॉड केलेला कन्सोल पकडला गेला की तो कायमचा बॅन होतो, पोरांचं दुसरीकडचं खातं त्यावर टाकलं तर तेही अडचणीत येऊ शकतं. चांगल्या सेटअपमध्ये डॅशलाँचमध्ये (मॉडच्या सेटिंगचा प्रोग्राम) लाईव्ह ब्लॉक केलेलं असतं, चालू आहे का ते तिथंच दाखवायला सांगा. गेम दाखवणारं जे ऑरोरा असतं ते नेटवरून कव्हरचे फोटो आणि गेमचे अपडेट आणतं, तेवढ्यापुरतं नेट कामाचं. आणि कधी स्क्रीनवर सिस्टिम अपडेट करू का असं आलं तर नाही म्हणायचं. पोरांना हे आधी सांगून ठेवा, ती दिसेल त्याला हो दाबतात.

---

नागपुरी_संत्रा_००७

ठीक आहे घ्या ३६०, मी रुसणार नाही. पण सेल चार्जिंगवाले घ्या, चार घेऊन ठेवा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात माझी आठवण येईल.

---

एक_पुणेकर

पासोड्या विठोबाच्या मागं तपकीर गल्लीत जाणार असाल तर रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद. दुपारी एक ते चार पण जाऊ नका, कारण सांगायची गरज नाही. गाडी आत नेऊ नका, बाहेरच कुठंतरी लावा आणि चालत या. अण्णांनी सांगितलेलं "चहा पिऊन या" ते तिथं सहज जमेल, पण दुकानदाराला सांगून जा, नाहीतर तो तेवढ्यात मशीन परत गरम करून ठेवेल.

---

मिरजकर_प्लेअर१

😂 ओके. शनिवारी सकाळच्या गाडीनं येतोय. स्लिमचंच नक्की केलं. त्याला म्हटलं डिस्कवर एकही गेम नको, रिकामा दे, तर म्हणतो मग पाचशे कमी करतो. म्हणजे ८० गेमची किंमत पाचशे! ती हार्डडिस्क तिथं कॉम्प्युटरला लावून खराब सेक्टर बघता येतील का अण्णा, का ती आतली असल्यामुळं विंडोजला दिसणारच नाही?

---

सोल्डर_अण्णा

आतली डिस्क ३६० च्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये असते त्यामुळं विंडोज ड्राईव्ह दाखवणार नाही, फॉरमॅट करू का विचारेल, त्याला नाही म्हणा. पण डिस्कची तब्येत सांगणारी जी छोटी सॉफ्टवेअर असतात ती फॉरमॅट बघत नाहीत, साटाच्या वायरीला लावली की आकडे दाखवतात. रिअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (नीट वाचता न येणारे) सेक्टर या दोन ओळी बघा, दोन्हीकडं शून्य पाहिजे. पेंडिंगला काहीही आकडा असेल तर डिस्क नको म्हणा, ते पाचशे पण कमी करा आणि स्वतःची टाका. स्लिमची डिस्क एका बाजूच्या छोट्या झाकणाखाली असते, स्क्रू खोलावा लागत नाही, पट्टी धरून ओढली की बाहेर येते, त्यामुळं तो "उघडावं लागेल साहेब, वॉरंटी जाईल" असं काही म्हणाला तर तुम्हीच काढून दाखवा.